गाभाऱ्यावाचून देऊळ

देऊळ पाहावयास गेलेला मनुष्य आधी शिखर पाहतो, मग सभामंडपातले खांब पाहतो, खांबांवरची नक्षी पाहतो. गाभाऱ्यात त्याला पाहण्यासारखे फारसे काही सापडत नाही. तेथे अंधार असतो, जागा अरुंद असते, भिंती साध्या असतात. तरी देऊळ हे देऊळ ठरते ते त्या अंधाऱ्या चौकोनामुळे. संगणकाच्या इतिहासात याच प्रकारचा एक विलक्षण प्रसंग घडला. १९८३ साली अमेरिकेतील एका मनुष्याने एक नवे देऊळ बांधण्याचा संकल्प जाहीर केला. पुढच्या आठ वर्षांत मंडप, खांब, ओवऱ्या, दीपमाळ असे सारे उभे राहिले. गाभारा तेवढा राहिला. तो अखेर बांधला दुसऱ्याच खंडातील एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आणि तेही त्या देवळासाठी म्हणून नव्हे. मग देवळाला नाव कोणाचे द्यावयाचे, असा वाद निघाला. तो आजही पुरता मिटलेला नाही. आज आम्हाला हा इतिहास सांगावयाचा आहे, आणि त्या वादात आमचे माप कोणत्या बाजूला झुकते तेही लपवावयाचे नाही.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. संगणक चालू केल्यापासून बंद करीपर्यंत जी व्यवस्था त्याचा सारा कारभार पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिच्या अगदी आतल्या भागाला कर्नेल हे नाव आहे. हा सैन्यातला कर्नल नव्हे. दोहोंचा उच्चार सारखा आहे, एवढेच. कर्नेल म्हणजे बी फोडल्यावर आत निघणारा मगज. आपण त्याला गाभा म्हणू.

या गाभ्याचे काम काय? धुळे-नाशिकाकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीची जुनी बंधारे-व्यवस्था आहे. बंधाऱ्याचे पाणी एक, पाट एक, शेते मात्र अनेक. कोणत्या शेताला कोणत्या वेळी आणि किती वेळ पाणी द्यावयाचे हे शेतकरी स्वतः ठरवीत नाही. ते काम पाटकऱ्याचे. पाटकरी स्वतः ऊस लावीत नाही, गहू काढीत नाही. परंतु तो नसेल तर वरच्या शेतात चिखल होईल, खालच्या शेताला भेगा पडतील आणि गावात डोकी फुटतील. संगणकाचेही असेच आहे. गणित करणारा प्रोसेसर एक, किंवा थोडे, स्मृती मर्यादित, लिहून ठेवावयाची तबकडी एक, आणि एकाच वेळी धावू पाहणारे प्रोग्रॅम मात्र पुष्कळ. प्रत्येकाला वाटते की सारे यंत्र आपल्याच मालकीचे आहे. त्यांना पाळीपाळीने यंत्र देणे, एकाच्या स्मृतीत दुसऱ्याला पाऊल टाकू न देणे आणि तबकडीवर, पडद्यावर, कळफलकावर कोणी परस्पर हात घालू नये हे पाहणे, हे गाभ्याचे काम. यासाठी प्रोसेसरमध्येच दोन अवस्था ठेवलेल्या असतात. एका अवस्थेत सर्व काही करण्याची मुभा असते, दुसरीत फक्त ठरावीक गोष्टींची. गाभा पहिल्या अवस्थेत चालतो, बाकीचे सारे दुसरीत. त्यांना काही हवे असल्यास त्यांनी गाभ्याकडे रीतसर मागणी करावयाची असते.

हा पाटकरी संगणकाबरोबरच जन्माला आला असे मात्र नाही. अगदी आरंभीच्या यंत्रांना गाभा नव्हताच. ज्याची वेळ असे तो मनुष्य येई, आपली पत्रे यंत्रात घाली, उत्तर घेऊन जाई, आणि मधला वेळ फुकट जाई. १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपन्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक छोटी व्यवस्था लिहिली. एक काम संपले की दुसरे आपोआप सुरू व्हावे, एवढाच तिचा हेतू. पुढे १९६१ साली मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकदम काम करता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. येथे खरी पाळी सुरू झाली, आणि पाळी आली की पाटकरी आला.

हा पाटकरी किती मोठा असावा, या प्रश्नावर तेव्हापासून दोन पक्ष आहेत. डेन्मार्कमधील पेर ब्रिंक हॅन्सन यांनी १९६९च्या सुमारास आरसी ४००० या यंत्रासाठी एक अगदी लहान गाभा रचला. त्यांचे म्हणणे असे की, गाभ्याने फक्त निरनिराळ्या प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवावे आणि पाळ्या लावाव्यात. बाकीचा कारभार गाभ्याबाहेरच्या प्रोग्रॅमांकडे सोपवावा. दुसरा पक्ष म्हणतो, सारा कारभार एकाच घरात असू द्या. निरोपानिरोपीत वेळ जातो. हा मतभेद ध्यानात ठेवावा. पुढे याच्यामुळे एक मोठे कार्य अडून बसणार आहे.

त्याच दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा या तिघांनी मिळून मल्टिक्स नावाची एक भव्य व्यवस्था हाती घेतली होती. वीज जशी तारेने घरोघर मिळते तशी गणनशक्ती गावाला पुरवावी, असा त्यांचा मनोरथ. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला, आणि १९६९ साली बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले. मल्टिक्स पुढे पुरी झाली, कॅनडाच्या संरक्षण खात्यात तिचे शेवटचे यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद होईपर्यंत ती चाललीही. परंतु तिचे खरे पुण्य म्हणजे तिच्यातून रिकाम्या हाताने परतलेली दोन माणसे: केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची.

टॉम्प्सन यांना प्रयोगशाळेत अडगळीत पडलेले पीडीपी-७ जातीचे एक लहान यंत्र सापडले. त्याची स्मृती आठ हजार शब्दांची; आजच्या मनगटी घड्याळातही याहून कितीतरी अधिक स्मृती असते. १९६९च्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन आप्तांना भेटावयास कॅलिफोर्नियाला गेली. मागे राहिलेल्या गृहस्थाने दिवसांची वाटणी केली: एक आठवडा गाभ्याला, एक आज्ञा स्वीकारणाऱ्या शेलला, एक लेखन-दुरुस्तीच्या एडिटरला आणि एक असेंब्लरला. युनिक्सचा जन्म हा असा झाला. नावातही मल्टिक्सची थट्टाच आहे. तेथे अनेक, येथे एक. १९७३ साली हा गाभा रिची यांनी घडविलेल्या सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. हे त्या काळी धाडसच होते, कारण गाभा यंत्राच्या जवळच्याच भाषेत लिहावा अशी समजूत होती. या धाडसामुळे युनिक्स एका यंत्राला बांधलेली राहिली नाही, रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावावे तशी ती कोठेही नेता येऊ लागली.

ती पसरली मात्र एका कायद्यामुळे. बेल कंपनीची मालक असलेली अमेरिकन टेलिफोन कंपनी १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधलेली होती. टेलिफोनाखेरीज दुसरा धंदा तिला करता येत नव्हता. म्हणून युनिक्स तिने विद्यापीठांना नाममात्र दराने, मूळ संहितेसह देऊन टाकली. मूळ संहिता म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात ते: प्रोग्रॅमचे माणसाला वाचता येईल असे लेखन. ती हाती असल्यावाचून प्रोग्रॅम समजतही नाही आणि सुधारताही येत नाही. सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी छापल्या आणि त्यांवर ओळीओळीने भाष्य लिहिले. आपल्याकडे ग्रंथावर टीका लिहिण्याची परंपरा जुनी आहे. यंत्राच्या गाभ्यावरची अशी टीका मात्र क्वचितच कोणी लिहिली असेल. मग १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर कंपनीने अटी आवळल्या. वर्गात ही संहिता शिकवावयाची नाही असे ठरले. लायन्स यांचे पुस्तक वीस वर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले आणि १९९६ साली उघडपणे छापले गेले. १९८४च्या आरंभी टेलिफोन कंपनीचे विभाजन झाले, धंद्याची बंदी उठली आणि युनिक्स हा विकावयाचा माल झाला.

येथे आमच्या कथेतला पहिला नायक प्रवेश करतो. रिचर्ड स्टॉलमन हे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथील रिवाज असा की प्रत्येकाचे लेखन प्रत्येकाला खुले. कोणी काही सुधारले तर ते सर्वांचे. आपल्या डोळ्यांदेखत हा रिवाज मोडताना त्यांनी पाहिला. सहकारी कंपन्यांत गेले, संहिता कुलपात गेली, गुप्ततेच्या करारांवर सह्या होऊ लागल्या. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी जाहीर केले की आपण युनिक्ससारखीच एक संपूर्ण व्यवस्था नव्याने लिहिणार, आणि ती ज्याला हवी त्याला देणार. तिचे नाव ग्नू. ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे, आणि त्या वाक्यातला पहिला शब्द पुन्हा ग्नू. शब्दांचे असले खेळ या मंडळींना फार प्रिय. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, म्हणजे आपल्या लेखनावर संस्थेने हक्क सांगू नये.

ज्याला स्वातंत्र्य म्हणून स्टॉलमन संबोधतात ते फुकट मिळण्याचे सुख नव्हे. प्रोग्रॅम हवा तसा चालविणे, त्याची संहिता वाचणे, ती बदलणे, बदललेली वा न बदललेली प्रत दुसऱ्याला देणे, असे ते चार हक्क आहेत. हे हक्क पुढच्या माणसाने मधेच अडवून ठेवू नयेत म्हणून त्यांनी एक परवानापत्र तयार केले. १९८९ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, १९९१च्या जूनमध्ये दुसरी. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव जीपीएल. त्यातली मुख्य अट अशी की, जे तुम्हाला खुले मिळाले ते तुम्ही पुढे देताना खुलेच दिले पाहिजे. विहिरीवर आलेल्याने पाणी न्यावे, विहिरीला झाकण घालू नये.

काम झपाट्याने झाले. १९८५ साली ईमॅक्स हा एडिटर निघाला, १९८७ साली सी भाषेचा कंपायलर जीसीसी, १९८९ साली बॅश हे शेल. शेकडो लहान उपकरणे तयार झाली. ती इतकी चांगली होती की ज्यांच्याजवळ विकतची युनिक्स होती तेही तिच्यासोबत आलेली उपकरणे बाजूला सारून ही वापरीत.

मग गाभाच तेवढा का राहिला? याचे एक कारण कामाच्या स्वभावातच आहे असे आम्हाला वाटते. राहत्या वाड्याचा एकेक खांब बदलता येतो. जुना काढावा, नवा बसवावा, छप्पर तोलले जाते की नाही ते त्याच दिवशी कळते. ग्नूची सर्व उपकरणे अशी विकतच्या युनिक्सवर बसवून, तपासून पाहता आली. गाभ्याचे तसे नाही. तो जमिनीवर पाया घालावा तसा थेट यंत्रावर उभा करावा लागतो. दुसरे कारण मानवी आहे. स्टॉलमन यांना गाभा आयता मिळण्याची आशा होती. आधी एमआयटीतील ट्रिक्स नावाच्या गाभ्याचा विचार झाला. मग कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार होत असलेल्या माख या लहान गाभ्यावर दृष्टी गेली. तो मुक्त परवान्याखाली मिळेपर्यंत थांबावे असे ठरले, आणि १९९०च्या सुमारास त्यावर हर्ड नावाची रचना सुरू झाली. ब्रिंक हॅन्सन यांच्या पक्षाचा हा अगदी टोकाचा विचार. माख फक्त निरोप पोचवील. फाइली, जाळे, परवानग्या, प्रत्येकासाठी वेगळा सेवक-प्रोग्रॅम असेल, आणि वापरणाऱ्याला तो आपल्या मर्जीने बदलताही येईल.

कागदावर याहून सुंदर रचना दुसरी नव्हती. पण एकाच वेळी धावणारे, एकमेकांना निरोप धाडणारे हे सेवक बिघडले म्हणजे चूक कोणाची हे शोधणे महाकठीण होऊन बसले. स्टॉलमन यांनी स्वतःच पुढे हे लिहून ठेवले आहे. हर्डचे पहिले रचनाकार टॉमस बुशनेल यांनीही नंतर म्हटले की, बर्कले येथील विद्यापीठाच्या युनिक्सचा गाभा घेऊन त्यालाच वळण लावले असते तर काम खात्रीने तडीस गेले असते. यात एक हळवी गोष्टही आहे. या गाभ्याचे आधी ठरलेले नाव हर्ड नव्हते, ॲलिक्स होते. स्टॉलमन यांच्या त्या वेळच्या प्रेयसीचे ते नाव. आपल्या नावाने कोणी गाभा लिहावा असे ती एकदा थट्टेने म्हणाली होती. रचना बदलत गेली तसे ते नाव एका लहान भागापुरते उरले, मग तो भागही गेला.

इकडे युरोपात दुसरा धागा विणला जात होता. वर्गात युनिक्सचा गाभा शिकविण्यास बंदी आल्यावर ॲम्स्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी स्वतःच मिनिक्स नावाची लहानशी व्यवस्था लिहिली आणि १९८७ साली आपल्या पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध केली. ती साध्या घरगुती संगणकावर चाले. तिचाही गाभा लहान, निरोप पोचविणारा. विद्यार्थ्याला एका सत्रात समजेल इतकीच ती असावी असा त्यांचा कटाक्ष होता, म्हणून लोकांनी सुचविलेल्या सुधारणा ते सहसा नाकारीत. ती मुक्तपणे वाटण्याचीही मुभा नव्हती. शिक्षकाच्या दृष्टीने हे योग्यच होते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते एक कुंपण होते.

हे पुस्तक वाचलेला हेलसिंकी विद्यापीठातील एक विद्यार्थी, लीनुस टोरवाल्ड्स, याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ जातीचा संगणक घेतला. त्याला आपल्या यंत्राच्या प्रोसेसरमधील पाळी लावण्याची सोय कशी चालते ते पाहावयाचे होते. म्हणून त्याने दोन कामे लिहिली: एक पडद्यावर ‘ए’ हे अक्षर काढीत राहते, दुसरे ‘बी’. काही वेळ एक, काही वेळ दुसरे. दोन शेते आणि एक पाटकरी! याच खेळण्याचे त्याने घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम असे रूपांतर केले. मग उतरवून घेतलेल्या फाइली ठेवावयास तबकडी वाचता-लिहिता आली पाहिजे, म्हणून ते लिहिले. फाइलींची व्यवस्था लिहिली. एके दिवशी चुकून टेलिफोन फिरविण्याची आज्ञा दूरध्वनीऐवजी तबकडीलाच दिली गेली आणि तिच्यावरची मिनिक्स बिघडली. ती पुन्हा बसवावी, की आपल्याच अर्धवट गाभ्याला पुरते करावे? टोरवाल्ड्सने दुसरा मार्ग धरला.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चामंडळात कळविले की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करीत आहोत. ती ग्नूसारखी मोठी आणि धंदेवाईक दर्जाची काही होणार नाही. हे पत्र प्रसिद्धच आहे. परंतु त्यातल्या एका वाक्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपल्या गाभ्यावर बॅश आणि जीसीसी चालविले आहेत, असे तो तेथे सांगतो. म्हणजे काय झाले ते पाहावे. नव्या गाभाऱ्यात दिवा लागला तो ग्नूचा! सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती निघाली. सुमारे दहा हजार ओळींची. टोरवाल्ड्सच्या मनात तिचे नाव ‘फ्रीक्स’ असे होते. ज्या यंत्रावर ती ठेवली त्याची देखभाल करणाऱ्या आरी लेम्के यांना ते रुचले नाही, आणि त्यांनी ती लिनक्स या नावाच्या कप्प्यात ठेवून दिली. बारसे एखाद्या आत्याने परस्पर उरकून टाकावे तसे हे झाले.

पहिल्या परवान्यात लिनक्सच्या प्रतीसाठी पैसे घेण्यास मनाई होती. लोकांनी विचारले, प्रती करून वाटावयास तबकड्यांचा खर्च तरी घ्यावा की नाही? १९९२च्या आरंभी टोरवाल्ड्सने मूळ परवाना काढून जीपीएल लावले. स्टॉलमन यांचे एक व्याख्यान त्याने हेलसिंकीत ऐकले होते. व्याख्याने ऐकून काय होते असे विचारणारे लोक असतात, त्यांच्यासाठी एवढे नमूद करून ठेवतो. या गाभ्याची पुढची कहाणी या एका निर्णयाने जितकी ठरविली तितकी एकाही तांत्रिक निर्णयाने ठरविली नसेल. घेणाऱ्या प्रत्येकाला आपली सुधारणा पुढे देताना खुली ठेवणे भाग पडले, म्हणून हजार हातांनी केलेले काम एकाच कणगीत पडत गेले.

त्याच महिन्यात, २९ जानेवारी १९९२ रोजी, टॅनेनबाउम यांनी चर्चामंडळात लिहिले की लिनक्स ही कालबाह्य वस्तू आहे. १९९१ साली सारा कारभार एका घरात कोंबलेला गाभा लिहिणे म्हणजे दोन दशके मागे जाणे. शिवाय तो एकाच जातीच्या प्रोसेसरला जखडलेला. टोरवाल्ड्सने रागाने उत्तर दिले, दुसऱ्या दिवशी भाषेच्या तिखटपणाबद्दल क्षमाही मागितली, मुद्दा मात्र सोडला नाही. शास्त्राच्या दृष्टीने प्राध्यापक बरोबर होते असेच आम्ही म्हणू. लहान गाभा अधिक सुरक्षित, त्याचा एक सेवक कोसळला तरी बाकीचे घर उभे राहते. परंतु विद्यार्थ्याजवळ एक गोष्ट होती ती हर्डजवळ नव्हती: आज चालणारा, आज घेता येणारा, आज दुरुस्त करता येणारा गाभा. चालत्या वस्तूत दोष दिसला की माणसाचा हात आपोआप पुढे होतो. आराखड्यातला दोष पाहून तो फक्त चर्चा करतो. एका जातीच्या प्रोसेसरचा आक्षेप तर लोकांनीच खोडून काढला. १९९५ साली लिनक्स अल्फा या अगदी निराळ्या प्रोसेसरवर चालू लागली.

दैवाचाही भाग होता. बर्कलेच्या युनिक्सची जवळजवळ सारी संहिता १९९१च्या जूनमध्ये मुक्त झाली होती. गाभ्याच्या अवघ्या सहा फाइली नव्हत्या. त्या भरून काढून ३८६ जातीच्या यंत्रासाठी केलेली व्यवस्था १९९२ साली बाहेरही पडली. पण त्याच वर्षी टेलिफोन कंपनीच्या युनिक्स शाखेने दावा लावला, आणि १९९४च्या आरंभी तडजोड होईपर्यंत त्या संहितेवर संशयाची छाया राहिली. सुमारे अठरा हजार फाइलींपैकी तीन काढाव्या लागल्या, एवढाच त्या दाव्याचा निकाल! तेवढ्या दोन वर्षांत लिनक्स पुढे निघून गेली. ती बर्कलेची व्यवस्था आपल्याला वेळेवर मिळाली असती तर लिनक्स लिहिलीच नसती, असे टोरवाल्ड्स यांनीच पुढे सांगितले आहे. १४ मार्च १९९४ रोजी लिनक्सची १.० आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या. आज त्या चार कोटींच्या घरात आहेत.

आता नावाचा वाद. ग्नूची उपकरणे आणि लिनक्सचा गाभा एकत्र बांधून जे संच निघाले त्यांना लोक सरसकट लिनक्स म्हणू लागले. स्टॉलमन यांचा आग्रह असा की त्याला ग्नू/लिनक्स म्हणावे. त्यांनी दिलेल्या एका हिशेबात, त्या काळच्या एका संचात ग्नूची संहिता शेकडा २८ होती आणि लिनक्सचा गाभा शेकडा ३. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या संचाने हा आग्रह मानला. बहुतेकांनी मानला नाही. स्टॉलमन यांचा आग्रह पुष्कळांना हेकट वाटतो. आम्हाला तो तसा वाटत नाही. नावाबरोबर हेतूही विसरला जातो, हे त्यांचे दुःख खरे आहे. ‘छंद म्हणून केले’ आणि ‘माणसाचे हक्क राहावेत म्हणून केले’ यांत अंतर आहे, आणि जीसीसी नसता तर छंदाचा तो गाभा यंत्राच्या भाषेत उतरलाच नसता. पण शेकड्याच्या हिशेबाने गाभ्याचे मोल करणेही आम्हाला पटत नाही. गाभारा देवळाच्या क्षेत्रफळाचा कितवा हिस्सा असतो? १९९१ पर्यंत ग्नूची सारी मुक्त उपकरणे परक्या, कुलूपबंद गाभ्यावर भाडेकरूसारखी राहत होती. मालकाने जागा खाली करावयास सांगितली असती तर ती सगळी उघड्यावर पडली असती. शेकडा तीनच्या त्या गाभ्याने त्यांना हक्काची जमीन दिली.

पुढे काळाने या वादाला एक निराळीच कलाटणी दिली. २००८ साली अँड्रॉइड फोन बाजारात आले. त्यांच्यात लिनक्सचा गाभा आहे, पण त्याच्या सभोवारची ग्नूची उपकरणे जवळजवळ नाहीत. मंडपात बसलेल्या पुष्कळ मंडळींच्या खिशात आता या क्षणी हा गाभा चालू असेल, आणि तेथे ‘ग्नू/लिनक्स’ म्हणावयास स्टॉलमन यांनाही आधार नाही. जगातील पाचशे सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात; २०२०च्या नोव्हेंबरमध्ये त्या यादीत स्थान मिळविणारे पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी’ हे त्यांपैकीच एक. माखचा अंश ॲपल कंपनीच्या संगणकांत जिवंत आहे. हर्डवरही मोजके लोक अजून निष्ठेने काम करीत आहेत; तिची १.० आवृत्ती मात्र निघालेली नाही.

आणि प्राध्यापक टॅनेनबाउम? त्यांनी २००० साली मिनिक्सचा परवाना खुला केला, पुढे २००५ साली तिची तिसरी आवृत्ती काढली. मग २०१७ साली असे उघडकीस आले की इंटेल कंपनीच्या चिपांच्या पोटात, मुख्य प्रोसेसरच्या पलीकडे, देखरेखीसाठी एक वेगळा छोटा संगणक असतो आणि त्यावर मिनिक्स चालते. वर लिनक्स असो वा विंडोज, तळघरात कालबाह्य न ठरलेला तो लहान गाभा जागत बसलेला! टॅनेनबाउम यांनी इंटेलला एक जाहीर पत्र लिहिले. मिनिक्स हीच आता जगात सर्वाधिक वापरली जाणारी व्यवस्था असावी, असे त्यात विनोदाने म्हटले होते. पैशांची अपेक्षा नव्हती. परवान्यात तशी अटच नव्हती. काम पुरे झाल्यावर कोणीतरी सौजन्य म्हणून कळवावयास हवे होते, एवढीच त्यांची तक्रार होती, कारण ही गोष्ट त्यांना कळली ती वर्तमानपत्रांवरून.